हेवी लायसन्स निघालं की पुढं काय? ट्रक लाईनमध्ये उतरणाऱ्या पोराला सविस्तर उत्तर

गेवराई तालुक्यातल्या एका पोरानं विचारलंय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की वय 22, बारावी पास, दोन सीझन चुलत्याचा ट्रॅक्टर कारखान्यावर उसाला चालवला, कारचं लायसन्स काढून वर्ष होत आलंय, घरी तीन एकर कोरडवाहू. मामा म्हणतोय जुनी दहा टायर (दहा चाकांचा ट्रक) फायनान्सवर घे आणि उसाला लाव, मित्र न्हावाशेवाला ट्रेलरवर आहे तो म्हणतोय इकडं ये, आणि आई म्हणती एसटीचं जमतंय का बघ नाहीतर राहू दे. या लाईनमध्ये करिअर म्हणावं असं काही आहे का, का आयुष्यभर नुसतं स्टेअरिंगच फिरवायचं?

भावा, वयानं लहान आहेस म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नको. मी जालन्याचा, आधी किन्नर (म्हणजे गाडीवरचा क्लीनर) मग ड्रायव्हर म्हणून बरीच वर्षं लाईनवर काढली, आता ट्रान्सपोर्टमध्ये गाड्या आणि ड्रायव्हर सांभाळायचं काम करतो. नवीन पोराला गाडीवर बसवायचं का नाही हे बऱ्याचदा मलाच ठरवावं लागतं, त्यामुळं दोन्ही बाजूनं सांगू शकतो.

करिअर आहे. पण मामा, मित्र आणि आई तिघंबी तुला शेवटचा मुक्काम सांगायलेत, तिथवर जायचं कसं ते कोणी सांगत नाही. पहिली तीन-चार वर्षं कोणाच्या गाडीवर, कोणत्या मालावर आणि कोणत्या कागदावर काढतोस त्यावर पुढं काय काय उघडणार ते ठरतंय. मी असे ड्रायव्हर बघितलेत की हात सोन्यासारखा, पण वीस वर्षं एकाच मालकाकडं रोखीत पगार घेतला, ना पीएफ, ना अनुभवाचा कागद, आणि मालकानं गाड्या विकल्या तेव्हा ते नव्या पोराच्या लाईनीत येऊन उभं राहिले. यातलं थोडं तुझ्या घरावर बी अवलंबून आहे, म्हणजे घरात दुसरं कोणी कमावतंय का, डोक्यावर आधीचं कर्ज आहे का, आणि सलग पंधरा दिवस बाहेर राहिलास तर शेताकडं कोण बघणार. हे तू लिहिलं नाहीस, म्हणून खाली जे सांगतोय ते तुझ्या घराला लावून बघ.

आधी कागद. ट्रान्सपोर्ट गाडीला (म्हणजे भाड्यानं माल-माणसं नेणाऱ्या गाडीला) वय 20 पूर्ण लागतंय, ते तुझं झालंय. कारच्या लायसन्सला एक वर्ष पूर्ण झालं की मगच हेवीचं लर्निंग निघतंय, तर लायसन्सवरची तारीख बघ आणि एजंटच्या मागं घाई करू नको. ड्रायव्हिंग स्कूलचं फॉर्म 5 चं सर्टिफिकेट आणि डॉक्टरचा फॉर्म 1ए लागंल. आठवी पासची अट सरकारनं 2019 ला काढून टाकली, तरी बारावीची मार्कशीट जपून ठेव, पुढं टँकर, एसटी, पासपोर्ट सगळीकडं शिक्षणाची विचारणा होती. ट्रान्सपोर्टचं लायसन्स 5 वर्षं चालतंय, मग रिन्यू करायचं. कोणी म्हणलं दुसऱ्या राज्यातून आठ दिवसात काढून देतो, तर त्याच्या नादी लागू नको. आम्ही ड्रायव्हर समोर बसलेला असतानाच त्याचा नंबर सारथी या सरकारी लायसन्सच्या वेबसाईटवर टाकून बघतो, आणि बोगस लायसन्सवर ॲक्सिडेंट झाला तर इन्शुरन्सवाले पैसे मालकाकडून वसूल करायला लागतेत, त्यामुळं कोणताच शहाणा मालक ही रिस्क घेत नाही.

हेवी हातात येईपर्यंतचे महिने वाया घालवू नको. नोव्हेंबर 2024 ला सुप्रीम कोर्टानं निकाल दिलाय की 7500 किलोपर्यंतची ट्रान्सपोर्ट गाडी कारच्या लायसन्सवर चालवता येती. म्हणजे पिकअप, 407 असली गाडी तू आजबी चालवू शकतोस. वाळूज, चिकलठाणा नाहीतर जालना एमआयडीसीत कुठंतरी लाग. पगार फार मिळणार नाही, पण बिल्टी (मालाची पावती), ई-वे बिल (माल नेण्याचा जीएसटीचा ऑनलाईन कागद), काटा (वजन), पोच (माल मिळाल्याची सही), गेटवरची सही ही सगळी भानगड तिथंच कळती. ई-वे बिलाला 200 किलोमीटरमागं एक दिवस मिळतो, गाडी वाटेत बंद पडून मुदत संपली तर वाढवून घ्यावी लागती, आणि ती वाढवली नाही तर रस्त्यात गाडी अडकती, मालकाबरोबर तूबी अडकतोस. नवीन ड्रायव्हरला गाडी चालवण्यापेक्षा या असल्या गोष्टी जड जातेत.

ट्रॅक्टरचा अनुभव चांगलाच आहे. दोन ट्रॉल्या जोडून रिव्हर्स मारता येत असंल तर ट्रेलरचं निम्मं अंग तुला कळलंय. पण कागदावर त्याला हेवीचा अनुभव म्हणून कोणी धरणार नाही, तेवढं लक्षात ठेव.

आता आपल्या भागात कोणकोणत्या लाईनी आहेत ते बघू. जालन्यात लोखंड, म्हणजे सळई बाहेर आणि भंगार आत. वाळूजला कंपन्यांचा माल, बंद कंटेनर, टायमावर पोचायचं काम. लातूरला सोयाबीन, डाळी, तेल, वसमत-हिंगोलीकडं हळद, परभणीकडं कापसाच्या गाठी, हा सगळा सीझनचा आणि ताडपत्री-रस्सीचा माल. मनमाडजवळ पानेवाडीला तेल कंपन्यांचे डेपो आहेत, तिथून आपल्याकडच्या पंपांना टँकर येतेत. रस्त्याच्या आणि खडीच्या कामावर हायवा, म्हणजे डंपर. आणि बीड-धाराशिवच्या डोंगरावर पवनचक्क्या लागायल्यात, त्यांची पाती आणि टॉवर नेणारे लांब ट्रेलर.

मला विचारशील तर पहिली दोन-तीन वर्षं लोखंडाची किंवा कंपनीच्या कंटेनरची लाईन धर. लोखंड का, ते जरा सांगतो. सळई 12 मीटरची असती, गाडीत सरळ टाकली आणि नुसत्या बाजूच्या साखळीवर भरवसा ठेवला तर जोरात ब्रेक मारल्यावर गाडी थांबती पण सळई थांबत नाही, ती थेट केबिनकडं येती. म्हणून भरतानाच उभं राहायचं. खाली लाकडाच्या पट्ट्या पडल्यात का, बंडल सपाट बसलंय का, वजन पुढच्या आणि मागच्या ॲक्सलवर बरोबर पडलंय का, साखळी आवळून झाल्यावर दहा-पंधरा किलोमीटरवर थांबून परत आवळली का. पहिल्या दहा-पंधरा किलोमीटरात माल बसतो आणि साखळी ढिली पडती, हे जाग्यावर उभं राहून कधीच दिसत नाही. आणि मागं बाहेर निघालेल्या सळईला लाल कपडा, रात्री लाल लाईट. एवढं ज्याच्या अंगात मुरलं त्याला पुढं कोणताबी माल दे, तो भरायच्या वेळी चहाला जाणार नाही.

ट्रायल घेताना मी काय बघतो तेबी सांगतो, तुला कामाला येईल. पोरगं केबिनमध्ये चढायच्या आधी गाडीभोवती फिरलं का ते बघतो. टायरला हात लावला का, दोन टायरच्या मधी दगड अडकलाय का वाकून बघितलं का, हवेच्या टाकीतलं पाणी सोडलं का. बीएस 6 गाडी असंल तर युरियाचा (धूर साफ करायला लागतो तो) काटा बघितला का, आणि डॅशबोर्डवर रिजनचा दिवा (सायलेन्सरमधली काजळी जाळून साफ करायची सूचना) आला तर तो काय करतो, कारण तो दिवा दाबून दाबून पुढं नेला की मग इंजिन पिकअप सोडतंय आणि गाडी शोरूमला ओढून न्यावी लागती. मग उताराला गियर. मांजरसुंब्याचा घाट असू दे नाहीतर कसारा, चढायला जो गियर लागला असता त्याच्याच आसपासच्या गियरमध्ये, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनच्या जोरानं गाडी रोखणारा) लावून उतरायचं. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारा ड्रायव्हर मी त्याच दिवशी परत पाठवतो, भले त्याचं ॲव्हरेज कितीबी येऊ दे. ब्रेक लायनर तापले की पायाखाली काहीच राहत नाही.

पगाराचं बोलताना आकड्याच्या आधी पद्धत विचार. कुठं महिन्याचा पगार आणि वर रोजचा भत्ता असतो, कुठं किलोमीटरवर, कुठं ट्रिपवर, आणि काही मालक ठोक खर्च हातात देऊन म्हणतेत वाचलं ते तुझं. ही शेवटची पद्धत नव्या पोराला लई गोड वाटती, पहिल्या महिन्यात पैसे जास्त दिसतेत, पण ते पैसे तू तुझ्या झोपेतून आणि गाडीच्या मेंटेनन्समधून वाचवलेले असतेत. सुरुवातीला पगार-भत्तावाला मालक बघ, पगार बँकेत टाकणारा. महिन्याला दोन-तीन हजार कमी मिळाले तरी चालंल, कारण बँकेतला पगार दाखवून उद्या गाडीचं लोन मिळतंय आणि तोच तुझा अनुभवाचा पुरावा होतो. पीएफ कापतेत का, ईएसआयसी (दवाखान्याचा सरकारी विमा) आहे का हे पहिल्या दिवशी विचारायला लाजू नको.

आता मामाच्या दहा टायरचं. मामा वाईट सांगत नसंल, त्याला चालती गाडी दिसती. पण हिशोब असा मांड. समजा जुन्या गाडीला 15 लाख फायनान्स घेतलं, 14 टक्क्यानं 4 वर्षांसाठी, तर महिन्याचा हप्ता 41 हजाराच्या आसपास येतो. उसाचा हंगाम चालला तर चार-पाच महिने. राहिलेल्या सात महिन्याचे हप्तेच 2 लाख 87 हजार होतेत, आणि त्या काळात गाडीला काम कुठून आणणार हे मामानं सांगितलंय का? शिवाय या वजनाच्या गाडीचा नुसता थर्ड पार्टी इन्शुरन्स वर्षाला 44 हजाराच्या घरात, टायर, पासिंग (आरटीओची फिटनेस तपासणी), टॅक्स वेगळं. गाडी 8 वर्षांच्या वर गेली असंल तर पासिंग दरवर्षी करावं लागतंय, आणि पासिंगला गेलं की बॉडीचं काम, पेंटिंग, रिफ्लेक्टर असं काही ना काही निघतंच.

त्याच्यावर उसातली खरी जोखीम वेगळीच आहे. आपल्या बीडच्या माणसाला हे सांगायची गरज नाही खरं तर. बऱ्याच ठिकाणी कारखान्याचा तोडणी-वाहतुकीचा करार गाडीमालकाच्या नावावर होतो, त्या करारावर उचल (आगाऊ रक्कम) घेऊन ती मुकादमाला द्यायची, मुकादमानं कोयते, म्हणजे ऊसतोड मजूर, आणायचे. टोळी आलीच नाही किंवा निम्मे कोयते मधीच निघून गेले तर कारखाना मुकादमाच्या दारात जात नाही, तुझ्या दारात येतो. म्हणजे तू गाडीच्या हप्त्याबरोबर दुसऱ्यानं घेतलेल्या पैशालाबी जबाबदार. 22 व्या वर्षी, तीन एकर कोरडवाहूवर, ही जबाबदारी घेऊ नको असं मी स्पष्ट सांगतो. यात घरचं सोनं आणि जमीन जाताना मी बघितलीय. आणि उसाला भरताना काट्याचं कोणी बघत नाही असं म्हणतेत, पण दहा टायरची कायद्यानं मर्यादा गाडीसकट 28.5 टन आहे, वर गेलं की 20 हजार दंड आणि प्रत्येक जादा टनाला 2 हजार. वरून ब्रेक, पाटे आणि टायर यांचं आयुष्य कमी होतंय ते निराळंच.

मग स्वतःची गाडी कधीच घेऊ नये का? घे, पण दोन्ही बाजूचं भाडं हातात आल्यावर. जालना-मुंबई 400 किलोमीटर धर, भरलेल्या गाडीला चारचं ॲव्हरेज धरलं तर 100 लिटर डिझेल, 90 रुपयानं 9 हजार. परत येताना रिकामी आली तर साडेपाचच्या ॲव्हरेजनं बी साडेसहा हजाराचं डिझेल जातंय, टोल वेगळा, आणि ते सगळं जाण्याच्या भाड्यातून भरायचं. ज्याला जाताना सळई आणि येताना भंगाराचं भाडं ठरलेलं आहे तोच टिकतो. ही ओळख ड्रायव्हर असतानाच होती, रोज ज्या गोडाऊनला जातोस तिथला सुपरवायझर, काट्यावरचा माणूस, ट्रान्सपोर्टचा मुनीम, हे लोक तुला ओळखायला लागले की समज भांडवल तयार व्हायलंय. आणि उधारीची तयारी ठेव, डिझेल रोख घालायचं आणि बाकी भाडं पोच दिल्यावर महिना-दोन महिन्यानं यायचं, तेवढे दोन महिने गाडी चालवण्याइतके पैसे लोन सोडून वेगळे जवळ पाहिजेत. जुनी गाडी बघायला जाशील तेव्हा आरसीवर फायनान्सचा बोजा उतरलाय का, ई-चलान किती थकलेत, टॅक्स आणि परमिट कुठवर आहे हे आधी ऑनलाईन बघ, इंजिनचा आवाज नंतर ऐक.

मित्राचा ट्रेलर. काम चांगलंय, पैसेबी दहा टायरपेक्षा बरे मिळतेत, पण पोर्टला गेटच्या लाईनीत तासन् तास, कधी कधी दिवस जातो, आंघोळ-जेवणाचे हाल होतेत आणि त्या थांबलेल्या वेळेचे पैसे ड्रायव्हरला मिळतेत का हे मालकावर असतंय. मित्राला नेमकं हेच विचार. माझं मत, सरळ गाडीवर (मागं वेगळा ट्रेलर न जोडलेल्या साध्या ट्रकवर) दोन वर्षं काढून मग ट्रेलरवर जा. ट्रेलर एकदा हातात बसला की पुढं त्या पवनचक्कीच्या पात्यासारख्या अवजड कामाला जाता येतंय, तिथं माणसं कमी आहेत आणि हाताला किंमत आहे.

ज्याला घर सोडून लांब राहायचं नाही त्याच्यासाठी टँकर चांगला. पानेवाडीहून भरला, पंपावर खाली केला, बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी घरी. त्याला धोकादायक मालाचं 3 दिवसाचं ट्रेनिंग करून लायसन्सवर नोंद घ्यावी लागती, आणि एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता यायला पाहिजे असा नियम आहे, तिथं तुझी बारावी कामाला येती. ही नोंद 3 वर्षांची, रिन्यू करताना एक दिवसाचा कोर्स. खर्च थोडा आणि फायदा मोठा, हेवी निघाल्यावर वर्षभरात करून टाक असं मी प्रत्येक पोराला सांगतो, पण करणारे थोडे.

आईचं एसटीचं म्हणणं उडवून लावू नको. भरती निघंल तेव्हा निघंल, तिच्यासाठी बसून राहू नको, पण हेवीबरोबर प्रवासी गाडीचा बॅज काढून ठेव आणि जाहिरात आली की अनुभवाची अट नीट वाच, ती दरवेळी सारखी नसती. सौदी-दुबईचंबी कोणीतरी सुचवंलच. दहावी पास असल्यानं तुला इमिग्रेशन क्लिअरन्स लागत नाही, पण एजंट सरकारकडं नोंदलेला आहे का ते बघ. नोंदलेल्या एजंटला फी म्हणून 30 हजार आणि जीएसटीच्या वर घेता येत नाही, लाख-दीड लाख मागणारा दिसला की उठून ये. आणि तिकडं गेल्यावर तिथलं लायसन्स वेगळं काढावं लागतंय.

स्टेअरिंग सोडल्यावर काय हेबी तू विचारलंयस. ट्रान्सपोर्टमध्ये गाड्या लावणारा, कंपनीत डिस्पॅचला बसणारा, जीपीएसवर गाड्या बघणारा, ड्रायव्हिंग स्कूलला हेवी शिकवणारा, या जागांवर लाईन मारलेला माणूस लागतो. पण त्याला मोबाईलवर एक्सेल उघडता आलं पाहिजे, हिशोब लिहिता आला पाहिजे. रोजचं किलोमीटर, डिझेल, खर्ची एका वहीत लिहायची सवय पहिल्या ट्रिपपासून लाव. मी आज टेबलावर बसलोय त्यात माझ्या वहीचा वाटा मोठा आहे.

आणि झोपेचं. पहाटे 2 ते 5 या वेळेत गाडी बाजूला लावून झोपायचं, मालकाचा फोन आला तरी. समृद्धीवर तर जास्तच, सरळ काँक्रीटचा रस्ता, ना गाव ना गर्दी, डोळा कधी लागतो कळत नाही, आणि त्या रस्त्यावर चढायच्या आधी टायरची हवा मोजून घ्यायची. कायद्यानं ड्रायव्हरचं काम दिवसाला 8 तास, लांबच्या रूटला 10 पर्यंत, प्रत्यक्षात किती पाळतेत ते तुला दिसंलच, पण जो मालक झोप मोडून गाडी पळवायला सांगतो त्याच्याकडं राहू नको, कामं लई आहेत. जागं राहायला गोळी देणारे ढाब्यावर भेटतेत, त्यांच्याजवळ बसूसुद्धा नको. ॲक्सिडेंट झालाच तर जखमीला 108 बोलव, आणि जमाव अंगावर येतोय असं वाटलं तर तिथं थांबून मार खाऊ नको, सरळ जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन स्वतः कळव, कायदा 24 तासाच्या आत कळवायला सांगतो. हिट अँड रनच्या 10 वर्षं शिक्षेवरून जानेवारी 2024 ला गाड्या बंद पडल्या होत्या, ते कलम 1 जुलै 2024 ला बाकीचा कायदा आला तेव्हा लागू केलं नाही, पण म्हणून पळून जायची सवय लावून घेऊ नको.

बँकेत जाशील तेव्हा 20 रुपयेवाला (सुरक्षा विमा) आणि 436 रुपयेवाला (जीवन ज्योती) असे दोन्ही सरकारी विमे चालू कर, अपघाताचे 2 लाख आणि कशानंही मृत्यू झाला तर 2 लाख, वारस म्हणून आईचं नाव टाक. नवीन गाडीवर बसायचा चान्स आला तर 1 ऑक्टोबर 2025 नंतर बनलेल्या मोठ्या ट्रकला केबिनमध्ये एसी बंधनकारक झालाय, मे महिन्यात आपल्याकडच्या उन्हात त्याचा अर्थ काय ते ट्रॅक्टरवर बसलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

मामाशी बोलशील तेव्हा एकच विचार, उसाचा करार कोणाच्या नावावर होणार आणि उचलीच्या कागदावर सही कोणाची. तो काय म्हणतो ते इथं लिही, मग त्या गाडीचं पुढं बोलू.